सुटली

…आणि गाठ तिथेच होती. पदराच्या टोकाला, चिंचोक्याहून जराशी मोठी, बोटांना आधी कळणारी आणि मनाला मागून — गुळाच्या भेलीचा एक खडा. पहाटे बांधला तेव्हा कोरडा होता; आता अंगाच्या उबेने पाझरून पदराचं ते टोक चिकट, कडक, तपकिरी झालं होतं. त्याला लावलेलं बोट गोड होत होतं, आणि ते गोड बोट ओठांपाशी न्यायचं नाही — एवढंच आज नलूला करायचं होतं. नुसतं चाचपायचं. आहे? आहे.

टेम्पोने हिंगणघाट मागे टाकलं तसं ऊन वर आलं. माघातलं ऊन, आणि आभाळ घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं. एक ढग नाही. नलूने ते घरून निघतानाच पाहून ठेवलं होतं, मग देवळीच्या चौकात पुन्हा, मग प्रत्येक वळणावर. माघात वीज पडत नाही, हे तिला माहीत होतं. पण तिच्या पोटाला ते माहीत नव्हतं, आणि पोट रिकामं असलं की तिथे मनाचं काही चालत नसे.

मागच्या हौद्यात सतरंजीवर बायका बसल्या होत्या, आणि बायकांच्या मधोमध गोणपाटाखाली गुळाच्या भेल्या — पिवळ्याधमक, गोल, दुपट्यात गुंडाळून निजवलेल्या लेकरांसारख्या. नलूच्या भारोभार. नवसच तसा होता: एका पारड्यात नलू बसायची, दुसऱ्यात भेल्या, आणि काटा सरळ झाला की ती सगळी भेली गिरडला, फरीदबाबांच्या टेकडीच्या पायथ्याशी, येईल त्याच्या हातावर ठेवायची. आणलेल्या भेल्या पुरतील की कमी पडतील, यावर सकाळपासून पैजा चालल्या होत्या.

"कमीच पडते, पाह्यजो तू," सासू म्हणाली.

"आई, तू तेव्हाच फेडायचा होतास ना नवस!" ही सुरभी, नवऱ्याची धाकटी बहीण; नागपूरला दिलेली, तिकडची बोली घेऊन आलेली, पण माहेरच्या टेम्पोत बसली की अर्ध्या वाटेत पुन्हा इकडची होणारी. "तेव्हा वहिनी काडी होती. एका भेलीत काम झालं असतं."

"काडीचा नवस कोन फेडते व? मानूस उभं झालं का मंग फेडाचा."

"पन बाबाले बोलली काय होती तू? सांग ना, सांग," सुरभी म्हणाली.

सासूने डोक्यावरचा पदर सारखा केला. ही गोष्ट हौद्यातल्या प्रत्येकीला पाठ होती, आणि म्हणूनच प्रत्येकीने मान पुढे केली.

"म्या म्हटलं, बाबा, माही सून सुटू दे. यातून सुटू दे, म्हटलं." सासू थांबली, हसू ओठांत धरून. "तर बाबानं 'यातून' ऐकलंच नाई!"

हौदा हसला. नलूही हसली — पोट हललं, दंड हलले, दंडांत रुतलेल्या बाह्या हलल्या. आणि ती हसली ते खोटं नव्हतं. सासूने ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा नलू उठून न्हाणीत गेली होती आणि पाणी अंगावर न घेता नुसतीच लोटा वाजवत बसली होती. आता ती या गोष्टीची वाट पाही. तिच्या वाट्याला आलेल्या एवढ्या मोठ्या प्रकरणात हसण्याजोगं हे एकच होतं, आणि ते सासूने आपल्या हाताने करून दिलं होतं, जसं कुणी उरलेल्या कापडातून लेकराला टोपडं शिवतं.

सुटली. शब्द एकच. वावरात वीज पडली त्या दिवशी पावसात तोच गावभर धावत होता: सखू गेली, नलू सुटली… नलू सुटली व माय, जराशासाठी सुटली. आणि पुढे वर्ष उलटून ब्लाऊजची शिवण उसवायला लागली, ओट्यावर बसली की पायरी भरायला लागली, तेव्हा त्याच बाया त्याच ओट्यांवरून तोच शब्द म्हणू लागल्या, फक्त हेल बदलून — नलू सुटली. बाप्पा, किती सुटली! आधीच्या सुटलीत उसासा होता, नंतरच्या सुटलीत डोळ्याने केलेली खूण. बायांनो, हे दोन शब्द नाहीत, असं तिला सांगावंसं वाटे. तशी सुटले तेव्हा नुसतीच वाचले होते. अशी सुटत गेले तेव्हा कुठे जगायला लागले.

पण हे कुणाला सांगायचं? डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर बोट ठेवून म्हटलं होतं, वजन उतरवा. नलूने मान डोलावली होती. त्यांचं चुकीचं नव्हतं. गुडघे बोलत. विहिरीवरून पाण्याने भरलेले दोन गुंड घेऊन आली की उंबऱ्याशी धाप थांबेपर्यंत उभं राहावं लागे. हे सगळं खरं होतं, आणि तरी — माणसं शेताला धुरा घालतात, पाण्याने माती वाहून जाऊ नये म्हणून. मी स्वतःला घातला. चोहोबाजूंनी, टोपल्या-टोपल्याने. आता पाणी कुठूनही येवो.

आज मात्र त्या धुऱ्याला भोक पाडलेलं होतं. "पारड्यात उपाशी बसा लागते," सासू काल म्हणाली, आणि सुरभीने लगेच तिची री ओढली, "हो वहिनी, मी व्हिडिओ काढणार आहे, तेवढंच जरा आत जाईल." एकीचा देव आणि दुसरीचा आरसा, दोघांनी एकच सांगितलं. नलू नाही म्हणू शकली असती. नाही म्हणाली नाही, कारण सासूने ज्या दिवशी तो नवस बोलला त्या दिवशी सासूच्या हातात नलूचं मनगट होतं, आणि ते मनगट धरायला सासूला अंगठा आणि करंगळी पुरली होती. त्या बोटांचं देणं होतं. पहाटे ती भेलीचा खडा पदरात बांधत होती तेव्हा गोपाल जागा होता. त्याने काही विचारलं नाही. खडा लहान वाटला म्हणून डबा तिच्याकडे सरकवला आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचा नवरा असाच. सांत्वन करायचं झालं तर वस्तू सरकवणारा.

समुद्रपूर गेलं. पोटात पहिली कळ आली — भुकेची नव्हे, भुकेच्या आधी येते ती. उंबऱ्यावर चप्पल वाजावी तशी. नलूने गाठ चाचपली. आहे.

गिरडच्या टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड सापडतात. एका व्यापाऱ्याने फकिराला माल द्यायला नको म्हणून खोटं सांगितलं, आणि त्याचा सगळा खाण्याचा माल जागच्या जागी दगड झाला, ते हे दगड — ही गोष्ट नलूने लहानपणापासून ऐकली होती आणि तिला ती कधी पटली नव्हती. आता पटत होती. कारण सखू, तिची निंदणातली जोडीदारीण, गेल्यावर कितीतरी महिने तिच्या तोंडात नेमकं तेच होत होतं. भाकरी पानात भाकरी असे, बोटांत भाकरी असे, आणि दातांच्या आत गेली की दगड. वरण दगड. दूधसुद्धा. सासू कुस्करून, पातळ करून, गाऊन, शिव्या देऊन भरवी — "गीय व, गीय, नाई तं मले गीय!" — आणि नलू तो दगड गालात धरून बसे, गिळताही येत नव्हता, थुंकताही येत नव्हता, कारण अन्न थुंकणारी ती नव्हती. ती तर गावातली नावाजलेली खाणारी. निंदणाला गेलेल्या बायकांत सगळ्यात आधी हिला भूक लागायची. सखूने तिच्यावर ओवी रचली होती, आणि वाफ्यातून वाकून पुढे सरकताना सगळ्या बायका ती म्हणायच्या, मुद्दाम, हेल काढून —

पाऊस येवो, ऊन येवो, नलूले काय त्याचं
तिच्या डोळ्यापुढं बाई, फडकं शिदोरीचं

…आणि मग एका सकाळी, नवस बोलून बरेच दिवस झाले होते, घरात कुणी नाही असं समजून ती कोठीत शिरली आणि भेलीवर पडलेल्या मुंग्यांकडे पाहत राहिली. मुंग्या एका रांगेत येत होत्या, एका रांगेत जात होत्या. कण घेऊन. त्यांच्यापैकी कुणाला काही विचारायचं नव्हतं. नलूने मुंग्यांसकट एक खडा फोडला आणि तोंडात टाकला, आणि तो विरघळला. बस, विरघळला. दगड विरघळत नाही. मग दुसरा फोडला. दाराशी सासू उभी होती. ती आत आली नाही; दार हळूच लोटून घेतलं.

त्यानंतर थांबणं नव्हतं. उशीखाली फुटाणे, पेटीत साड्यांच्या घडीत भाकरीचा तुकडा, शेतात जाताना कमरेला मुरमुऱ्यांची पुरचुंडी. पोटाला रिकामं होऊच द्यायचं नाही. कारण रिकामं झालं की आधी ती चप्पल वाजते, मग जळका वास येतो, मग कानात पांढरं होतं — आवाज नव्हे, पांढरं — आणि मग ती जिथे असेल तिथे खाली बसते आणि तिला उठवता येत नाही. हे भरल्या पोटाला कधी झालं नव्हतं. मग खाणं हा काय दोष? माणसं रात्री दाराला कडी लावतात, त्यांना कुणी हावरट म्हणतं?

आणि प्रत्येक जेवणाला, प्रत्येक फुटाण्याला, पहिला घास — हा सखूचा. मनात म्हणायचं आणि आपणच खायचा. कुणाला सांगायचं नाही.

टेम्पो थांबला.

पायथ्याशी चिंचेचं झाड होतं, जुनं, बुंधा तिघींच्या कवेतला, आणि बंडूजी आधीच त्याच्या आडव्या फांदीला दोर टाकत होते. बंडूजी म्हणजे बाजारात धान्य तोलण्यात हयात गेलेला माणूस. इलेक्ट्रिक काटे आल्यापासून त्यांचा मोठा लाकडी तराजू कुठे लग्नातली तुला, कुठे नवस, एवढ्यालाच निघे. त्यामुळे ते त्याच्याशी नवरदेवाशी वागावं तसं वागत.

झाड. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण तराजू टांगायला झाड लागतं, त्यात काय सांगायचं? पण त्या दिवसापासून नलू झाडाखाली बसलेली नव्हती. भर उन्हाळ्यात बायका लिंबाखाली सावलीला गोळा होत, आणि ती उघड्या वावरात डोक्यावर टोपलं घेऊन बसे. जाडी असून ऊन खाते, म्हणत हसत. उपाशी, आणि झाडाखाली. दोन्ही एकदम.

ती टेम्पोच्या सावलीत उभी राहिली. बायका विटांच्या चुलीकडे गेल्या. गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे होते, वांग्याची भाजी करायची होती. धूर निघाला. धूर जळका असतोच, तिने स्वतःला सांगितलं. हा गोवरीचा आहे. हा गोवरीचाच आहे.

भेल्या उतरवायला नत्थू आला होता. सखूचा नवरा. गोपालबरोबर कामाला जाणारा, गोंडपुऱ्यातला, कमी बोलणारा, सखू गेल्यावर आणखीच कमी. तो एकेक भेली दोन्ही हातांनी उचलून झाडाखालच्या पोत्यावर नेऊन ठेवत होता. शेवटच्या खेपेला तो रिकाम्या हातांनी परत आला आणि नलूपासून हातभर अंतरावर टेम्पोला पाठ लावून उभा राहिला.

"वैनी," तो म्हणाला. "एक इचारू काय?"

नलूने गाठ धरली. तिला वाटलं, आलं. एवढी वर्षं जे आलं नाही ते आज आलं. कारण त्या दिवशी वावरात पहिला धावत आला तो नत्थू. त्याने सखूला पाहिलं आणि मग मला पाहिलं. मी धुऱ्यावर बसून जेवत होते.

…आभाळ काळं झालं तेव्हा सखू म्हणाली, चाल मोहाखाली, आणि मी म्हटलं मले भूक लागली, शिदोऱ्या तिकडल्या धुऱ्यावर राह्यल्या, आणि ती हसून म्हणाली, जाय ना मंग भुकेली, माहीबी घेऊन येजो. आणि मी गेले, पाय चिखलात रुतत होते, दोन्ही फडकी उचलली, एक माझं आणि एक तिचं, तिच्या फडक्याला हिरवी गाठ होती, आणि मी वळले आणि मग पांढरं… पांढरं… आणि त्यानंतर माझ्या हातांना काय वाटलं मला ठाऊक नाही, त्यांनी गाठी सोडल्या. माझी भाकर खाल्ली. मग तिची खाल्ली. पाऊस पडत होता, भाकर भिजत होती, आणि मी खात होते. लोक जमले तरी खात होते. गावाने हे पाहिलं आहे, हे गुपित नाही. फक्त माझ्यासमोर कुणी बोलत नाही…

"इचार," नलू म्हणाली.

नत्थू समोर टेकडीकडे पाहत होता. "त्या दिवशी तिनं तरोट्याची भाजी केलती ना?"

"हो."

"मी पहाटंच निंगालो होतो. माह्या वाट्याले आलीच नाई." त्याने पायाने एक खडा सरकवला. "कशी झालती?"

नलूला क्षणभर कळलंच नाही. मग तिच्या जिभेला कळलं. जीभ तयारच होती, जणू इतकी वर्षं कुणी विचारायचीच वाट पाहत होती — पहिल्या पावसातल्या तरोट्याची ती कडवट कोवळीक, वरून लसूण, आणि…

"लसूण लय होता," ती म्हणाली. "करपला होता जरासा. मीठ कमी होतं."

"कमीच असाचं," नत्थू म्हणाला, आणि त्याच्या गळ्यातून काहीतरी निघालं ते हसू होतं. "रोज सांगाव तिले. म्हने, वरून घे ना, हात मोडले काय तुहे?"

"अन् भाकर जाड होती."

"जाडच कराची. आळशी होती." तो पुन्हा तसाच हसला, आणि गमछाने तोंड पुसलं, आणि पुसतच राहिला. मग म्हणाला, "बरं झालं तू खाल्लं. नाई तं पावसात गेलं असतं सारं."

आणि तो गेला, तराजूचा दोर धरायला.

नलू उभी होती. तिच्या अंगातून काहीतरी चढत होतं, आणि ती आधी घाबरली, मग ओळखलं. तो अभिमान होता. सखूच्या हातच्या शेवटच्या भाजीची चव या जगात एका जिभेवर आहे, आणि ती माझी. मी ती पावसाला दिली नाही. मातीला दिली नाही. लोक काय पाहत होते त्या दिवशी? वेडी झालेली बाई? मी राखण करत होते.

"वहिनी, या ना!" सुरभीने फोन धरला होता. "बंडूजी बोलवून राह्यले!"

नलू चिंचेखाली गेली. कशी गेली, ते तिला मागून आठवलं नाही. एवढंच की सावलीची कडा ओलांडताना तिने पाऊल उचललं ते उंबऱ्यावरून टाकतात तसं. पारड्यावर सासूने नवं फडकं अंथरलं होतं, कोपऱ्याला हळदकुंकू. नलू बसली. लाकूड कुरकुरलं.

"लेका, माह्या तराजूनं पोते तोलले आजवर," बंडूजी म्हणाले, "पन असं वजनदार मानूस पहिल्यांदाच बसून राह्यलं."

"पोत्याले काय नवस बोलते का कोनी?" सासू फटकन म्हणाली, आणि बायका हसल्या.

नत्थूने पहिली भेली ठेवली. मग दुसरी. समोरचं पारडं जड होत गेलं, दोर ताणले गेले, फांदी किंचित वाकली. नलूचं पारडं मात्र जमिनीला टेकूनच. भेली, आणखी भेली, आणि मग पोत्यावर काही उरलं नाही. काटा सरळ व्हायचा थोडाच उरला होता, पण उरला होता.

"म्या म्हटलं होतं!" सासूचा आवाज विजयाने फुटला. "म्हटलं होतं ना, कमी पडन! काढा पैजेचा चहा!" आणि ती जमलेल्या सगळ्यांकडे, फुलवाल्यांकडे, मलिदा घेऊन चाललेल्या अनोळखी बायांकडे अशी पाहू लागली, जणू तिच्या घरच्या जोंधळ्याला हातभर कणीस आलं आहे. "बसून राह्य व, उठू नोको. गोपाल, जाय, दुकानातून भेली आन."

गोपाल धावला. आणि नलू झाडाखाली, पारड्यात, सगळ्यांसमोर बसून राहिली.

चप्पल वाजली. उंबऱ्यावर, मग आत. जळका वास — आणि आता तो गोवरीचा नव्हता, तिला फरक कळत होता. तो ओल्या लाकडाचा होता, मोहाच्या, आतून पेटलेल्या. वर पानांची चाळण हलली. कानाच्या कडेला पांढरं जमू लागलं. बाया काहीतरी बोलत होत्या, त्यांची तोंडं हलत होती. आता मी खाली बसेन, तिला वाटलं. मग आठवलं, मी बसलेलीच आहे. आता मला कुणी उठवू शकणार नाही, आणि सासूचा नवस इथे, सगळ्यांदेखत, फुटेल. तिचे हात मांडीवर होते. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. त्या दिवशीही सांगितलं नव्हतं. उजव्या हाताने पदराचं टोक उचललं, डाव्याने गाठीत नख घातलं. चिकट झालेली गाठ सुटेना, म्हणून दातांनी धरली —

"अव! अव नलू, उपास!" सासू.

गाठ सुटली. खडा तोंडात गेला.

सुरभीने फोन खाली घेतला. "वहिनी, हे मी कापते, काळजी नका करू."

"काऊन कापतं?" नलूचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला, भेलीने भरलेला, जाड. "काढ ना. खातानाचा काढ. खाऊनच तं बसली मी इथं."

मग कुणीतरी मागून म्हणालं, आता पारडं आणखी जड होईल.

"होते कायले?" बंडूजींनी काट्यावरून नजर हलवली नाही. "गाठीत होती तवाबी तिच्याच पारड्यात होती, पोटात गेली तरी तिच्याच. काट्याले काही समजलं नाई. बाबालेबी समजनार नाई. चूप बसा."

सासूने दोन्ही हात गालांवर ठेवले. ती रागावणार की काय, ते तिलाच ठरवता येत नव्हतं, मग तिची नजर नलूच्या गालावर गेली — गाल हलत होता, आत काहीतरी विरघळत होतं, दगड होत नव्हता — आणि सासू नुसतंच म्हणाली, "हळू खाय. ठसका लागन."

गोपाल धापा टाकत आला. नत्थूने त्याच्या हातातली भेली घेतली, दोन्ही हातांनी समोरच्या पारड्यात ठेवली, आणि हात काढले.

जमीन सुटली.

फार नाही, वीतभर. पण पायांखाली काही नव्हतं, आणि नलूचं सगळं अंग — दंड, पोट, मांड्या, जे तिने घासा-घासाने, खड्या-खड्याने जमवलं होतं, ज्यावर ओट्यांवरून नजरा जात होत्या — ते सगळं एकदम हवेत उचललं गेलं आणि कुठेही सांडलं नाही. समोर तेवढाच गूळ, तिच्याच उंचीला, उन्हाच्या कवडशांत. टाळ्या वाजल्या. कुणीतरी नाव घेऊन ओरडलं, सुटली व नलू! — आणि यावेळी हेलावरून तिला कळेना, कोणती.

वर चिंचेची पानं होती. त्यांच्यामागे आभाळ. ती झाडाखाली होती, हे तिला आत्ता कळलं. वास अजून होता, जरासा, गेला नव्हता. जाईल असंही वाटत नव्हतं. तो होता आणि ती होती, दोघं दोन पारड्यांत.

खडा अर्ध्यावर आला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तिने पहिला घास सखूचा म्हटलाच नाही.

एवढ्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं. चहाच्या घोटालासुद्धा नाही. आणि आज, इथे… तिने घाईने नत्थूकडे पाहिलं, जणू त्याला कळलं असेल. तो दोर धरून उभा होता, भेल्यांकडे बघत. तिने पोटात चाचपून पाहिलं, जिथे दर वेळी सखूचा घास जाऊन बसे, त्या जागी. तिथे भूक होती. साधी, सकाळपासून न जेवलेल्या बाईची. रोडग्यांचा वास येत होता आणि तिला रोडगे हवे होते, तुपात बुडवून, दोन, नाही, तीन.

सखे, ही भूक तुही नोय काय? तर मग कुणाची?

कुणी तिला उतर म्हणालं नव्हतं अजून. पारडं दोराच्या पिळाने हलकेच फिरलं. टेकडी समोर आली, मग चुलीचा धूर, मग सासूचं ओलं तोंड, मग पुन्हा टेकडी. नलू पाय लोंबकळत ठेवून बसली होती, ताठ, लग्नात बसतात तशी. जिभेखाली गोडी उरली होती. ती तिने गिळली नाही, धरून ठेवली — कुणाची म्हणायची, ते ठरेपर्यंत.